कोनच्या वेष्टनावरचा स्नेह

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, आइसक्रीमच्या कोनवर पोषणाचा जो तक्ता छापलेला असतो, त्यातील ‘टोटल फॅट’ला मराठीत चरबी म्हणावे, मेद म्हणावे की आणखी काही. प्रश्नामागचे कारणही त्यांनी कळवले आहे. त्यांच्या महिला मंडळात आहारावर व्याख्यान झाले, वक्त्यांनी ७० ग्रॅमचा एक कोन हातात धरून ‘एवढ्याशा कोनमध्ये १२ ग्रॅम चरबी आहे’ असे सांगितले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या माळकरी सासूबाईंनी आइसक्रीमला हात लावलेला नाही. रंकाळ्यावर नातवाने पुढे केलेला कोनसुद्धा त्यांनी परत केला.

सासूबाईंचे काहीही चुकलेले नाही. त्यांनी मराठी शब्दाचा मराठी अर्थ घेतला. चरबी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जनावर येते, खाटकाचे दुकान येते, १८५७ची काडतुसे येतात, आणि कोणी माजला असेल तर त्याला चरबी चढली आहे असे आपण म्हणतो. दुधाच्या सायीला किंवा शेंगदाण्याच्या तेलाला आजवर कोणत्याही घरात कोणी चरबी म्हटलेले नाही. तरीही बातम्यांत, आरोग्याच्या सदरांत आणि व्याख्यानांत इंग्रजीतील ‘फॅट’ दिसला रे दिसला की चरबी लिहून मोकळे होण्याची खोड लागली आहे, आणि ती ऐकून ऐकून मी खरोखर त्रासलो आहे.

याचे समर्थन करणारे विद्वान सांगतात की, चरबी हा शब्द फारसीतील ‘चर्ब’ म्हणजे तेलकट, तुपकट या शब्दावरून आला, आणि फारसीत आजही कोणत्याही खाद्यातील स्निग्ध भागाला चरबीच म्हणतात. व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. शब्द ज्या घरात नांदतो त्या घराचा अर्थ त्याला मिळतो. तेहरानमध्ये तो काय सांगतो हे राजारामपुरीतील सासूबाईंनी का म्हणून लक्षात ठेवावे?

दुसरा गट हिंदीवरून उचललेला ‘वसा’ मराठी जाहिरातींत घुसडतो. ज्या भाषेत श्रावणातल्या कहाण्या ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ असे बजावतात, तिथे ‘कमी वसा असलेले आइसक्रीम’ वाचून वाचकाने काय समजायचे? मेद हा शब्द त्या मानाने सभ्य आहे, पण तो सप्तधातूंपैकी एक, म्हणजे शरीरातला आहे. कोन खाल्ल्यानंतर अंगावर चढतो तो मेद. कोनमध्ये असतो तो मेद नव्हे. शालेय पुस्तकांत मेद आणि स्निग्ध पदार्थ हे दोन्ही शब्द चालतात, त्यांपैकी दुसरा योग्य आहे. तक्त्यातील आकड्यासाठी तर ‘स्निग्धांश’ हा नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे. राहिलेली प्रथिने आणि कर्बोदके यांच्याविषयी माझी तक्रार नाही. कर्ब आणि उदक मिळून झालेले कर्बोदक तर मूळ रसायनालाही धरून आहे.

आता ज्या व्युत्पत्तीमुळे मला हा प्रश्न विशेष आवडला तिच्याकडे येतो. स्निग्ध हे ‘स्निह्’ या संस्कृत धातूचे रूप आहे. स्निह् म्हणजे ओलसर होणे, चिकटणे, आणि त्यावरूनच जीव जडणे. म्हणून तेलातुपालाही स्नेह आणि मैत्रीलाही स्नेह. अशा धातूला ‘त’ प्रत्यय लागला की शेवटच्या ‘ह’चा ‘ग्ध’ होतो: दुह् आणि दुग्ध, दह् आणि दग्ध, मुह् आणि मुग्ध, तसेच स्निह् आणि स्निग्ध. हा ‘ग’ कुठून तरी उपरा आलेला नाही. मूळ धातूच्या शेवटी कंठ्य, म्हणजे क-ग-घच्या वर्गातला वर्ण होता, एरवी त्याचा संस्कृतात ह झाला आणि या रूपांत तो टिकून राहिला. आता संस्कृतच्याच कुळातल्या इतर भाषा पाहा. हिमाला रशियन भाषेत ‘स्नेग’ म्हणतात, लिथुआनियनमध्ये ‘स्निएगस’, इंग्रजीत ‘स्नो’. लॅटिनमध्ये आरंभीचा ‘स’ गळून ‘निक्स’ झाले, आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत हिमवर्षावाचा धातू ‘स्नएझ’ असा आहे. स्निग्धमधला ‘ग’ आणि स्नेगमधला ‘ग’ हा एकच ‘ग’ आहे. म्हणजे ज्या पदार्थात साय आणि बर्फ एकत्र नांदतात, त्याच्या वेष्टनावर लिहायच्या स्निग्ध शब्दात बर्फ मुळापासूनच आहे!

हे दोन निरनिराळे धातू असून केवळ सारखे दिसतात, कारण हिम आणि तेल यांचे अर्थ जुळत नाहीत, असे मानणारे अभ्यासक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. ध्वनींचा हिशोब पूर्ण जुळत असताना अर्थ जुळत नाही असे म्हणणाऱ्यांनी फ्रीजरच्या कडेला जमलेला भुसभुशीत बर्फ एकदा बोटाने खरवडून पाहावा. तो आधी बोटाला चिकटतो आणि मग बोट ओले करतो. स्निह् धातूचे हे दोनच तर अर्थ आहेत. माझे मत असे आहे की, थंड मुलखातून खाली उतरलेल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातून हिम गेले, त्याचा चिकटपणा आणि ओलावा तेवढा शब्दात राहिला, आणि पुढे तो तेलातुपाला मिळाला.

ज्यांना ही व्युत्पत्ती मान्य नाही त्यांनी निदान चरकसंहितेचे सूत्रस्थान उघडावे. तेराव्या अध्यायाचे नावच स्नेहाध्याय आहे. तिथे घृत, तैल, वसा (म्हणजे चरबी) आणि मज्जा हे स्नेहाचे चार प्रकार सांगितले आहेत. वसा हा एक प्रकार आहे, स्नेह ही जात आहे. स्नेहाची उत्पत्तीही दोन ठिकाणी सांगितली आहे: वनस्पतींतून येणारा तो स्थावर आणि प्राण्यांपासून येणारा तो जंगम, ज्यात दूध आणि तूपही आले. आजचा अन्नसुरक्षेचा नियम हाच भेद पाळतो. नुसते ‘आइसक्रीम’ म्हणून विकायचे तर त्यात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. त्याऐवजी वनस्पती तेल वापरले तर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावे लागते. पहिल्यात जंगम स्नेह, दुसऱ्यात स्थावर, आणि चरबी दोन्हींत नाही.

आपल्या करवीर तालुक्यात डेअरीला दूध घालून परतणाऱ्याला शेजारी विचारतो, ‘आज फॅट किती लागली?’ म्हशीला ६ आणि गाईला ३.५ हे आकडे तिथे लहान मुलांनाही पाठ असतात. तो फॅट शब्द मला चालतो, कारण त्यातून कोणाचाही गैरसमज होत नाही. वक्त्यांना स्निग्धांश जड वाटत असेल तर त्यांनी सरळ फॅट म्हणावे.

वक्त्यांचा १२चा आकडा मात्र गंभीरपणे घ्यावा. तेवढा स्निग्धांश म्हणजे सुमारे अडीच चमचे तूप. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक धरतात, म्हणजे १०८ उष्मांक त्याचेच झाले. साखर आणि वेफर यांचे वेगळे. वेष्टनावर दिवसाचे प्रमाण २००० उष्मांक आणि ६७ ग्रॅम स्निग्धांश असे धरलेले असते, त्या ६७ ग्रॅममधला जवळजवळ पाचवा हिस्सा एका कोनमध्ये संपतो.

सासूबाईंना वेष्टनावरचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका दाखवावा. जनावराची चरबी घातलेल्या पदार्थावर तो छापता येत नाही. शेजारी ‘आइसक्रीम’ लिहिले असेल तर आतला स्नेह दुधाचा आहे, आणि गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन प्यालेल्या दुधातही तोच असतो.