स्वयंपाकघराच्या भिंतीवर चौकटीचा फळा करायचा आहे. रंग थेट भिंतीवर मारू की बोर्डवर मारून टांगू? आणि लिहिलेलं नीट पुसलं जातं का?

बोर्डवरच करा. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगतो.

माझा पहिला फळा थेट भिंतीवर होता. भिंत दिसायला सपाट होती, पण जुन्या रंगाचे रोलरने उठलेले बारीक दाणे तिच्यावर होते. फिकट रंगात ते कधी जाणवले नव्हते. काळा रंग बसला आणि खिडकीतला उजेड तिरपा पडू लागला, तसा एकेक दाणा दिसायला लागला. लिहिताना खडू दाण्यांच्या टोकांवरूनच जायचा, त्यामुळे अक्षर तुटक उमटायचं. पुसायला गेलं की भुकटी मधल्या खळग्यांत जाऊन बसायची. भिंत गुळगुळीत करायची म्हणजे पुट्टी भरा, घासा, पुन्हा भरा, आणि घरभर धूळ. बोर्ड मात्र बाहेर नेऊन निवांत घासता येतो.

एमडीएफ बोर्ड (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला सपाट बोर्ड) चांगला, ९ किंवा १२ मिमी जाडीचा. प्रायमर पुढून, मागून आणि कडांना, सगळीकडे लावा. एकाच बाजूने लावला तर बोर्ड वाकू शकतो. कापलेल्या कडा प्रायमर फार पितात, त्यांना दोनदा द्या. सुकल्यावर २२० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासून पुसून घ्या आणि डोळे मिटून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसलेली खरखर हाताला लगेच कळते.

फळ्याच्या रंगाचा डबा तळापासून ढवळा, जड पूड खाली बसलेली असते. स्पंजचा छोटा रोलर घ्या, ब्रशचे ओरखडे राहतात. पहिला हात उभा, दुसरा आडवा, गरज वाटली तर तिसरा परत उभा. सगळे हात पातळच द्या. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शेवटचा हात सुकला की लगेच लिहायचा मोह होतो. तसं करू नका. डब्यावर वेगळं काही सांगितलं नसेल तर तीन दिवस थांबा. मग खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा, आधी उभा घासत, मग आडवा, कोपरेसुद्धा. नंतर कोरड्या फडक्याने पुसून टाका. या रंगाला बारीक छिद्रं असतात आणि पहिल्यांदा फिरवलेला खडू त्यांत जाऊन बसतो. तो सगळीकडे सारखा बसला तर काहीच वेगळं दिसत नाही. पण पहिल्यांदाच एखादं अक्षर लिहिलंत तर खडू फक्त त्या अक्षरापुरता बसतो आणि त्याची सावली राहते. मी कोऱ्या फळ्यावर दाबून ‘सोमवार’ लिहिलं होतं. आठवड्याचे सगळे वार लिहून पुसून झाले, तरी त्यांच्यामागे तो सोमवार दिसत राहिला. शेवटी घासून पुन्हा रंग द्यावा लागला. ओल्या शाईचे चॉक मार्कर वापरणार असाल तर आधी एका कोपऱ्यात लिहून, वाळवून, पुसून पाहा. अशा सच्छिद्र रंगावर त्यांचे डाग राहू शकतात.

चौकटीच्या पट्ट्या ४५ अंशांत कापतात, हे तुम्हाला माहीत असेलच. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. चौकट वेगळी रंगवून मग बोर्डवर बसवा, म्हणजे मास्किंग टेपची कटकट राहत नाही. खालची पट्टी थोडी रुंद घेऊन तिला पुढे बारीक काठ द्या. खडू ठेवायला जागा होते आणि खाली पडणारी भुकटी तिथेच अडते.

जागा शेगडीपासून आणि सिंकपासून लांबची निवडा. तेलाची वाफ फळ्यावर बसली की खडू घसरतो, उमटतच नाही. तसं झालंच तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि अख्खा फळा पुन्हा एकदा खडूने पांढरा करून पुसा. जिथे चिरणं-कापणं होतं त्याच्या वरही फळा नको, भुकटी खाली येते. रोजचं पुसायला घट्ट पिळलेलं ओलसर फडकं घ्या, धूळ उडत नाही.

६० × ९० सेंमीचा १२ मिमी बोर्ड साधारण पाच किलो भरतो, चौकटीचं वजन वेगळं. म्हणून एका खिळ्यावर टांगू नका. पाणसळ लावून खुणा करा, भिंतीत दोन ठिकाणी भोकं पाडून प्लग (स्क्रू घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या) ठोका आणि त्यांत स्क्रू घाला. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवा, नाहीतर लिहिताना हाताच्या दाबाने फळा भिंतीवर आपटत राहतो. उंची ठरवताना घरात लिहिणारं सगळ्यात बुटकं माणूस तिथे उभं करा आणि वरच्या ओळीपर्यंत त्याचा हात पोचतो का बघा.