वडिलांना एम्फिसेमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटून ते पोकळ होण्याचा आजार) आहे, फुफ्फुसाचा वरचा भाग कापायचं ऑपरेशन सांगितलंय. नंतर हवा गळत राहते हे खरं का? करावं का?

हो, गळते. माझ्या बाबांची 19 दिवस गळत होती आणि त्यावरून आमच्या घरात अजून भांडणं होतात, म्हणून लिहितोय.

आम्ही इंदूरचे, रामबागेत घर. बाबांच्या 35 वर्षं बिड्या, शेवटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसायचे. सीटीत वरचे भाग पार पोकळ, खालचे बरे. वरचं निकामी काढलं की खालच्याला फुगायला जागा मिळते, हे आम्हाला पटलं, ऑपरेशन केलं. पण गळणारी हवा बाहेर काढायला छातीत घालतात त्या नळी-बाटलीबद्दल कोणी धड बोललंच नाही, चार दिवसात घरी जाल एवढंच. बाबा खोकले की पलंगाखालच्या बाटलीत बुडबुडे, रात्रभर मी तेच बघत बसायचो. पाचव्या दिवशी मान सुजली, बोट दाबलं की कच्च्या पोह्यांची पिशवी दाबल्यासारखं करकर वाजायचं. आई तर रडायलाच लागली. हवा कातडीखाली शिरली होती, नळी नीट चालू राहिल्यावर हळूहळू जिरली.

काका तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरतात, उगाच चिरफाड केली. साफ चूक आहे. याच ऑपरेशनवर अमेरिकेत नेट (NETT) नावाची मोठी ट्रायल झाली, तिच्यात 1218 पेशंट होते, त्यात ऑपरेशन झालेल्या जवळपास 90 टक्के लोकांची हवा गळली, त्यातल्या निम्म्यांची आठवडाभर किंवा जास्त. असं फुफ्फुस जुन्या धोतरासारखं विरलेलं असतं, एका जागी शिवलं की शेजारी फाटतं. दोष ऑपरेशनचा नाही, आधी न सांगण्याचा आहे. आणि बिडी कोण आणून द्यायचं? काकाच, ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यातसुद्धा, "एकीने काय होतंय" म्हणत! आज बाबा त्याच काकांच्या घरचा जिना न थांबता चढतात.

तुमच्या वडिलांचं मात्र आधी रिपोर्टवर बघा. एफईव्ही-1 (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते) निरोगी माणसाच्या 20 टक्के किंवा खाली, आणि त्यात आजार सगळीकडे सारखा पसरलेला किंवा डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते) पण 20 टक्के किंवा खाली असेल तर अजिबात नको, त्या ट्रायलमध्ये अशा ऑपरेशन झालेल्यांपैकी 16 टक्के महिन्याभरात गेले, म्हणून 2001 मध्ये असे पेशंट घेणंच बंद केलं. दुर्बिणीतून फुफ्फुसाच्या निकामी भागात हवा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवायचा पर्यायही विचारा, पण त्यातही फुफ्फुस फाटून छातीत हवा भरू शकते. बिडी-सिगारेट काही महिने आधीच पूर्ण बंद, फिजिओ सुरू. आणि छातीतली नळी जास्त दिवस ठेवावी लागली तर बाटलीऐवजी नळीलाच छोटा व्हॉल्व्ह लावून घरी सोडतात का हे आधीच विचारून ठेवा, आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.