‘आत्याला टाकलं’ असंच म्हणतील ना लोक?

गुरुवारी रात्री साडेआठला मी दवाखान्याचे दिवे घालवत होते, तेवढ्यात एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, लोकलच्या गर्दीतून थेट आलेले, काखेत हॉस्पिटलची फाईल. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, शनिवारी डिस्चार्ज आहे. त्याच्या आत ठरवायचंय."

घरच्या म्हाताऱ्या माणसाला कुठं ठेवायचं, हे ठरवताना कुटुंबं माझ्याकडे सल्ल्याला येतात. इथं रुग्ण म्हणजे त्यांची आत्या. वय 78, अविवाहित, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अर्धा खुबा बदलला. आता वॉकर धरून, कुणीतरी सोबत असेल तर चार पावलं. चाळीला लिफ्ट नाही आणि संडास गॅलरीच्या टोकाला. भाच्याचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. नवरा-बायको दोघं सकाळी सातला बाहेर पडतात, मुलगी बारावीला.

आधी त्यांनी दोन वृद्धाश्रमांत फोन केले होते. दोन्हीकडून एकच उत्तर आलं : स्वतःचं स्वतः करणारे असतील तरच घेतो. हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसासाठी केअर सेंटर लागतं, जिथं नर्स, आया आणि फिजिओथेरपी मिळते. तसं एक त्यांना सापडलंही होतं. महिना 35,000 रुपये, डिपॉझिट वेगळं. बाईंच्या पेन्शनमध्ये थोडी भर घातली की जमत होतं. (मेडिक्लेम साधारणपणे असा खर्च देत नाही, हेही त्यांना तेव्हाच कळलं.)

म्हणजे जागा होती, पैसे होते. मग माझ्याकडे का आले?

"आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आता मी तिला टाकलं असंच म्हणणार ना लोक? चाळीत तर बोलायला सुरुवातही झालीय, खोलीसाठी चाललंय म्हणून." पुण्याची बहीण फोनवर रडून ‘तिला कुठंही ठेवू नकोस’ म्हणते. मात्र स्वतःकडे नेते असंही म्हणत नाही. मग एकदम आवाज खाली आणून विचारलं, "कायद्यानं गुन्हा वगैरे नाही ना?"

कायद्याचं मी तिथंच सांगून टाकलं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात, ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्यानं त्यांना कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठं सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. उपचार नि शुश्रूषा मिळेल अशा जागी नेणं, पैसे भरणं, भेटत राहणं म्हणजे टाकून देणं नव्हे. मात्र निपुत्रिक माणसाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाहक्कानं मिळणार आहे, त्या नातेवाइकावरही हा कायदा चरितार्थाची जबाबदारी टाकतो. त्यामुळे चाळकऱ्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायचं तर हिशोबानं द्या, असं मी म्हटलं. भाडेपावती आत्यांच्याच नावावर राहू दे, पेन्शनमधून काय खर्च झाला ते वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो दर महिन्याला बहिणीला पाठवा.

मग मी विचारलं, "आत्या काय म्हणतात?"

ते गप्प. "तिला सांगितलंय, घरी नेतो."

"कुठल्या घरी?"

"तेवढं नाही सांगितलं."

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांत हेच घडतं. मुलगा, सून, मुलगी, जावई सगळे आठवडाभर फोनाफोनी करतात, आणि जिला जायचंय तिला अँब्युलन्समध्ये कळतं. वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीत. मला विचाराल तर स्वतःला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीत.

त्यांची एक अडचण मात्र खरी होती. "तिला आता कळत नाही हो. रात्री वॉर्डातल्या बायकांना रांगेत उभं राहा म्हणून ओरडते. डिमेन्शिया झाला." सकाळी कशा असतात, विचारलं. "सकाळी ठीक. पेपर मागते." अशा ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होणं नवलाचं नाही. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. तो अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळनंतर वाढतो, आणि बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतो. डॉक्टरांना तो सांगायलाच हवा, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, एखादं औषध असं काहीही असू शकतं. पण तेवढ्यावरून त्यांना मोडीत काढू नका, उद्या सकाळी चष्मा नि कानाचं यंत्र लावून विचारू, असं ठरलं.

शुक्रवारी नऊला मी गेले. "नमस्कार बाई," म्हटलं, तर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "कुठली बॅच?"

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, तसं सांगितलं. कशासाठी आले तेही सांगितलं. भाचा खिडकीशी उभा होता, बाहेर बघत. मी दोन्ही पर्याय समोर ठेवले : डोंबिवलीचं घर आणि दिवसभराची बाई, किंवा एक महिना केअर सेंटर. त्या बराच वेळ चादरीची कड दुमडत राहिल्या. मग भाच्याकडे न बघता मला विचारलं, "रात्री डायपर कोण बदलणार?"

"मी आहे की आत्या," तो लगेच म्हणाला.

"म्हणून तर नको," बाई म्हणाल्या. "याला मी न्हाऊ घातलंय. यानं मला घालायचं नाही." आणि मला, "तिथं आंघोळीला बाई माणूस असतं ना? नक्की?"

तो बिचारा आठ दिवस लोक काय म्हणतील यात अडकलेला होता, आणि आत्यांचा प्रश्न आंघोळीचा होता.

दुपारी तो सेंटर बघून आला, यावेळी न कळवता, जेवणं झाल्यावरच्या वेळेला. विचारायच्या गोष्टी मी चिठ्ठीवर लिहून दिल्या होत्या. रात्री किती रुग्णांमागे एक मावशी? इंजेक्शन शिकलेली नर्स देते की कुणीही? उठता न येणाऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात का? डायपर, औषधं, फिजिओ 35,000 मध्ये की वर? मध्येच नेलं तर डिपॉझिट परत कधी? तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलात हलवतात? आणि बाईंची अट. शेवटच्या दोन्हींची उत्तरं लेखी घ्या म्हटलं होतं. अटीवर तिथल्या व्यवस्थापक हसल्या म्हणे, पण लिहून दिलं. हॉस्पिटलकडून टाके काढायची तारीख, रक्त पातळ करणारं औषध किती दिवस आणि फिजिओचे व्यायाम, हे डिस्चार्जच्या कागदावर उतरवून घेतलं. शनिवारी तो सुट्टी काढून अँब्युलन्समध्ये बरोबर गेला आणि पहिली रात्र तिथंच खुर्चीत बसला.

बहीण पुण्याहून आली ती पंधरा दिवसांनी. आल्या आल्या वरणात मीठ नाही म्हणून स्वयंपाकघरात जाऊन भांडली. त्याचा उपयोग झाला.

परवा, सहा आठवड्यांनी, ते परत आले. आत्या वॉकरवर बाथरूमपर्यंत एकट्या जातात, रात्रीचं ओरडणं थांबलंय. तीन जिने मात्र शक्य नाहीत. भाचा म्हणतो, डोंबिवलीत तळमजल्यावर भाड्यानं खोली घेऊ. आत्या म्हणतात, आणखी तीन महिने इथंच राहीन, आणि चाळीतली खोली सोडायची नाही म्हणजे नाही.

"रोज फोनवर ओरडते माझ्यावर," ते म्हणाले. "तुम्हीच समजवा तिला."

मी बुधवारची सकाळ दिली आहे. सेंटरवर, दोघांनी एकत्र.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाईंनी वाचून परवानगी दिली, आणि दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं.)