थिअरी वाचून पोस्टमॉडर्निझम कळतो का? सुरुवात कुठून करू?

कळतो, पण डायरेक्ट देरिदा (फ्रेंच तत्त्वज्ञ, वाचायला अवघड) उघडून बसू नका, डोकं धरून बसाल. ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञापासून सुरू करा. त्याचं १९७९ चं छोटंसं पुस्तक, 'द पोस्टमॉडर्न कंडिशन', म्हणजे मुळात कॅनडातल्या क्युबेक सरकारच्या युनिव्हर्सिटी कौन्सिलसाठी लिहिलेला रिपोर्ट (सरकारी रिपोर्टातून एवढं रामायण, गंमतच आहे). त्याचं म्हणणं एवढंच की प्रगती, मुक्ती, सगळं जग एकाच गोष्टीत बसवणाऱ्या ज्या महाकथा आहेत ना, त्यांच्यावरचा विश्वास उडालाय. 'काहीच खरं नसतं' असं तो म्हणत नाही, ती व्हॉट्सॅपवाली व्याख्या. मग जेम्सन हा अमेरिकन समीक्षक घ्या, तो मार्क्सवादी, त्यामुळे पोस्टमॉडर्निझम हे सगळं भांडवलशाहीच्याच आताच्या टप्प्याचं कल्चर आहे म्हणतो, आणि मला विचाराल तर या दोघांचं जुळत नाही तिथेच कन्सेप्ट खरा डोक्यात शिरतो.