पंप चीनमधून बनवून घ्यावा का? आधी पोळ्यापर्यंतचा हिशेब मांडा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हिंगणघाटजवळ बॅटरीवरच्या फवारणी पंपांची जोडणी करता, आठ माणसं कामाला आहेत, आणि चीनमधला एक कारखाना तुमच्या नावाचा तयार पंप तुमच्या खर्चापेक्षा बराच स्वस्त द्यायला तयार आहे. मी हे एकदा करून बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांचा भाव खोटा नाही. टाकी, मोटर, चार्जर, पट्टे सगळं तिथं आसपास बनतं; आपण तेच चार गावांहून गोळा करतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जवळ होता म्हणून. आपल्या पंपाचा कच्चा माल असा जवळ नाही, जवळ आहे तो शेतकरी. त्यामुळे बाहेरून बनवून घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

पण तो भाव त्यांच्या बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा असतो. पुढचं भाडं, विमा, सीमाशुल्क, न्हावाशेवा बंदराहून इथवरची वाहतूक तुमची. जीएसटी नंतर वळता होतो, पण आधी भरावाच लागतो आणि माल विकेपर्यंत तो पैसा अडकतो. मध्येच डॉलर चढला तर तेही तुमच्याच अंगावर. शिवाय बॅटरी आयात केली की २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तुम्हीच उत्पादक ठरता. नोंदणी करायची आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा होतील हे पाहायचं. दलाल हे सांगत नाही.

मला मारलं ते मात्र वेळेनं. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणीचा जोर जुलैपासून; म्हणजे जूनच्या मध्याला पंप कृषी केंद्रात हवा. तिथून मागे मोजत या. जहाज, कस्टम, ट्रक मिळून दीड महिना धरा, बनवायला तेवढाच, आणि चिनी नववर्षाला जानेवारी-फेब्रुवारीत तिथले कारखाने काही आठवडे बंद. तीन महिने मागे गेलं की मार्चचा मध्य येतो; त्यात ही सुट्टी आणि अडचणींसाठी थोडी सूट धरली, तर ऑर्डर जानेवारी लागताच गेली पाहिजे. तेव्हा येणारा पाऊस कसा असेल हे कोणाला माहीत?

माझा पहिला कंटेनर कागदपत्रातल्या एका चुकीनं बंदरात अडकला. ट्रक गोदामाशी लागला तेव्हा समोरच्या रस्त्यानं बैल सजवून तोरणाकडे चालले होते. पंप विकण्याचा हंगाम संपत आला होता. अर्धे पंप वर्षभर पडून राहिले, आणि लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगविना ठेवली की मरते. मे महिन्यात खोके उघडले तर कितीतरी बॅटऱ्या गेलेल्या.

त्याहून जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळी. आमच्याकडे एक ताई जोडलेला प्रत्येक पंप साध्या पाण्यावर चालवून मुठीच्या जोडावरून बोट फिरवायच्या. बोट ओलं झालं की पंप बाजूला. तयार पंप आणायचं ठरलं तेव्हा मी जोडणी बंद केली, त्या जिनिंगवर कामाला गेल्या. मग गिऱ्हाईक येऊ लागले, "भाऊ, मुठीतून औषध गळून राह्यलं." हे औषध फवारणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गळका पंप म्हणजे नुसती परत आलेली वस्तू नव्हे. मी त्या ताईंना परत बोलावलं तोवर त्यांची तिथं सोय लागली होती.

आता मी मोटर आणि चार्जर बाहेरून घेतो, कारण त्यात वर्षानुवर्षं बदल होत नाही आणि एखादा महिना जास्त पडून राहिले तरी बिघडत नाही. बॅटरी इथलीच, हंगामाच्या तोंडावर घेतलेली. वॉशर, जोडणी, पाण्यावरची चाचणी आणि दुरुस्ती मी कोणाकडेही देणार नाही. टाकीचा साचा तुमच्या पैशानं बनत असेल तर तो तुमच्या मालकीचा, हे करारात लिहून घ्या. माल निघण्याआधी तिसऱ्या माणसाकडून तपासणी करून घ्या आणि बाकीची रक्कम त्याच्या अहवालानंतरच सोडा. सुटे भाग पहिल्याच ऑर्डरीत मागवा. नंतर थोडेसे पाठवायला कोणी तयार होत नाही.

आठही माणसांना एकदम काढू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. गेल्या हंगामात किती पंप दुरुस्तीला परत आले आणि कशासाठी, ते इथं लिहा. त्यावरून कोणता भाग बाहेर द्यायचा ते ठरवता येईल.