वाचकांचे प्रश्न : ‘गेटअवे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पणजीत भाड्याने मोटारी देणाऱ्या एका दुकानाच्या फलकावर ‘वीकेंड गेटअवे’ असे वाचले आणि त्याच दिवशी वर्तमानपत्रात दरोडेखोरांच्या ‘गेटअवे कार’ची बातमी पाहिली. सहल आणि पलायन यांना एकच शब्द कसा? मराठीत कोणता शब्द योजावा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : इंग्रजीत हे नाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोल्ह्याच्या शिकारीतून रूढ झाले; झुडपातून निसटून कुत्र्यांच्या पुढे सुटलेल्या कोल्ह्याची ती धाव. पुढे ते गुन्हेगारांना लागले. २१ डिसेंबर १९११ रोजी पॅरिसमध्ये बोनो टोळीने बँकेच्या कर्मचाऱ्यावर गोळ्या झाडून त्याच्याजवळील ऐवज लुटला आणि चोरलेल्या मोटारीतून ती निसटली. मोटारीचा असा उपयोग करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या टोळ्यांपैकी ती एक होय. सुट्टीचा अर्थ त्यानंतरचा. तिथे मागे लागलेले असते ते रोजचे काम, एवढाच फरक. थांबलेली मोटार चटकन वेग घेते त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, मात्र आपले चालक त्याला ‘पिकअप’ म्हणतात आणि ते पुरेसे आहे.

मराठीत या सर्वांसाठी एकच शब्द शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चोर पोबारा करतो (हा शब्द सोंगट्यांच्या खेळातील बारा आणि एक या दानावरून आला), कैदी फरार होतो, नको त्या बैठकीतून आपण काढता पाय घेतो. फोंड्याहून चोर्ला घाटाने बेळगावला किंवा वर आंबोलीला दोन दिवस जाऊन येणे ही मात्र सहल किंवा हवापालट आहे. त्यात पळण्यासारखे काही नाही.

आपल्या बातम्यांत सर्वाधिक आढळणारा प्रयोग मात्र वेगळाच आहे : ‘धडक देऊन चालक वाहनासह पसार’. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार, जमावाचा क्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे अन्य कारण नसेल तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे आणि घटनास्थळी पोलीस नसतील तर त्याने शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावयाचे असते. जमावाच्या भीतीने पुढे गेलेला पण थेट ठाण्यात पोहोचलेला चालक आणि दिवे मालवून निघून गेलेला चालक यांना एकाच क्रियापदात बसवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. वाहनाचा शोध लागलाच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई मिळते. मदतीसाठी थांबणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४-अ चे संरक्षण आहे; तेव्हा रस्त्यात कोणी पडलेले दिसल्यास निःशंकपणे थांबावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. बातमीदारांनी दुसऱ्या प्रकारच्या चालकाविषयी ‘पसार’ऐवजी ‘जखमीला टाकून पळाला’ असेच लिहावे, अशी माझी विनंती आहे.