तकामात्सुला उदोन खायचंय, पण सासूबाई शाकाहारी

प्रश्न : आमचा मुलगा ओसाकाला असतो, नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघं म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई त्याच्याकडे चाललोय. तो म्हणतो एक दिवस शिकोकू बेटावरच्या तकामात्सुला जाऊ, तिथलं उदोन, म्हणजे गव्हाचे जाड नूडल्स, एकदम भारी असतं. ह्यांना सगळं चालतं, सासूबाई मात्र शुद्ध शाकाहारी. एका दिवसात जाऊन येणं होईल का आणि त्यांनी तिथे खायचं काय? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, जाऊन येणं होईल, पण मी तर म्हणेन एक रात्र राहाच. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा पाऊण तासात येतं, तिथून मरीन लायनर नावाची जलद गाडी धरा, ती तासाभरात तकामात्सुला सोडते आणि वाटेत सेतो ओहाशी पूल लागतो, 1988 सालचा, वर गाड्या, खालून रेल्वे आणि दोन्ही बाजूंना समुद्रात बेटंच बेटं, तेव्हा सासूबाईंना खिडकी द्या.

राहा म्हणते त्याचं कारण असं की उदोन तिथे सकाळ-दुपारचं खाणं आहे. चांगली दुकानं बरीचशी दुपारी दोन-तीनला शटर ओढतात, नूडल्स संपले तर त्याआधीच. तुम्ही आरामात आवरून निघणार, देवपूजा, चहा, नाश्ता, आणि पोचाल तेव्हा मामला खलास! त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जा आणि सकाळी उपाशीपोटी दुकान गाठा.

सेल्फ सर्व्हिसच्या दुकानात ट्रे घ्यायचा, किती ‘तामा’ ते सांगायचं, एक तामा म्हणजे नूडल्सचा एक गोळा, आपल्यासारख्यांना एक पुरतो (ह्यांना दोन सांगा, नाहीतर तुमच्यातलं घेतील). काही ठिकाणी नूडल्स जाळीच्या झाऱ्यात घालून उकळत्या पाण्यात आपणच बुडवायचे, मग पुढे सरकत तेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, उचलायचा, पैसे द्यायचे आणि नळ सोडून वाडग्यात गरम रस्सा भरून घ्यायचा. होय, रश्श्याला नळ! वर कांद्याची पात, किसलेलं आलं आणि तळणीतला चुरा, हे बहुतेक ठिकाणी फुकट. साधा वाडगा तीन-चारशे येनच्या आसपास, पण रोख जवळ ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. खाऊन झालं की वाडगा आपणच नेऊन ठेवायचा.

आता सासूबाई. तो रस्सा इरिकोचा असतो, म्हणजे वाळवलेल्या बारीक मासळीचा, सुकटीसारखा वास लगेच नाकात जातो. नूडल्स मात्र फक्त गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी, त्यात अंडंबिंडं काही नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी रश्श्याशिवायचे नूडल्स घ्या आणि वर नुसता सोया सॉस, त्याला तिथे ‘किजोयु’ म्हणतात. टेबलावरच्या बाटलीतला सॉस दाशी, म्हणजे असाच मासळीचा रस्सा, घातलेला असू शकतो, म्हणून विचारून घ्या. रताळ्याचा, भोपळ्याचा तेम्पुरा दिसेल पण तेल तेच ज्यात कोळंबी तळतात, चालत असेल तर बघा. इनारी म्हणजे भात भरलेली तोफूची गोड पिशवी, दिसायला निरागस पण बहुतेक वेळा दाशीत शिजवलेली, ती नकोच. आणि नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, मांस नाही एवढंच धरून मासळीचा रस्सा समोर येतो, मासे-मांस-अंडं-दाशी चालत नाही असं मुलाकडून जपानीत लिहून घ्या आणि फोनवर दाखवा. सोबत थोडी शेंगदाण्याची चटणी ठेवा, मी तरी ठेवेन.

दुपारी रित्सुरिन बागेत जा, तिथल्या तळ्याकाठच्या किकुगेत्सुतेई या जुन्या चहाघरात बसून माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, प्यायचा, ह्यात सासूबाईंचं पथ्यही सांभाळलं जातं. कोतोहिराच्या कोंपिरा देवळाचा मोह होईल, लोकल ट्रेनने तासाभरावर आहे, पण मुख्य देवळापर्यंतच 785 पायऱ्या, तेव्हा सासूबाई सप्तशृंगीला पायऱ्यांनी जातात की ट्रॉलीने, त्यावरून ठरवा.

आणि ह्यांच्यासाठी रात्री होनेत्सुकिदोरी, लसूण-मिरी लावून भाजलेली कोंबडीची अख्खी तंगडी, मूळची शेजारच्या मारुगामेची. ‘ओया’ म्हणजे जून कोंबडी, चिवट पण चवदार, ‘हिना’ म्हणजे कोवळी. कवळी असेल तर हिनाच मागवा.